वरची आच

होळी झाली की नागपुरात कूलर खाली उतरतात. गच्चीवरच्या शेडमधून, जिन्याखालच्या अडगळीतून, जुन्या चादरींखालून ती पत्र्याची धुडं ओढत बाहेर काढली जातात आणि गल्लीगल्लीतून खरवडण्याचा आवाज सुरू होतो. टाकीच्या तळाशी गेल्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा पांढरा थर बसलेला असतो, तो काढायचा. गंजलेल्या कोपऱ्यांना डांबर नाहीतर रंग लावायचा. ताट्यांतलं कुजकं गवत उपसून नवं भरायचं, फार दाबूनही नाही आणि फार मोकळंही नाही. पंपाचं चाक अडकलं असेल तर बोटानं फिरवून सोडवायचं. या दिवसांत इथला प्रत्येक गृहस्थ मेकॅनिक असतो. एरवी बल्ब बदलायलाही माणूस बोलावणारे साहेब बनियनवर अंगणात फतकल मारून बसतात, बायकोकडे पेचकस मागतात, पोराला पंप आणायला पिटाळतात. कंपाउंडपलीकडून शेजाऱ्याचे सल्ले येत असतात : ‘‘डावीकडून पाणी कमी पडून राह्यलं, भाऊ. नळी जरा वाकवा न.’’ संध्याकाळी ओल्या खसाचा पहिला वास घरभर पसरला की उन्हाळा रीतसर लागला असं समजायचं.

अशाच एका मार्चात कूलरसाठी निघालेली हत्यारं वर्तमानपत्रावर पसरलेली होती, आणि त्याच वर्तमानपत्राच्या दुसऱ्या टोकाला मी आमचा ओव्हन आणून ठेवला. कूलर बिघडला की आख्खं घर त्याच्याभोवती गोळा होतं. ओव्हनची गोष्ट वेगळी. तो स्वयंपाकघरातला, म्हणून पुरुषांचा नाही. आणि विजेवर चालणारा, म्हणून बायकांनी उघडायचा नाही. या दोन नियमांच्या मधल्या फटीत तो कितीतरी वर्षं कुणाचाच नव्हता. उन्हाळ्यात तर त्याला कुणी विचारतही नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असताना घरात आणखी एकशेऐंशी अंश पेटवायची हौस कुणाला? मार्च ते जून आमच्याकडे त्याच्या पोटात पापडाचे डबे राहतात. पण आजाऱ्याला तपासायला तो निवांत बसलेला असतानाच बरं, असं मला वाटलं.

माझ्या माहेरी, नागपूरच्याच महाल भागात, ओव्हन आला तो फार उशिरा. त्याआधी नानकटाई बेकरीत भाजून यायची. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आई वनस्पती तूप आणि पिठीसाखर परातीत तळहातानं फेसत बसायची, पांढरं, हलकं होईपर्यंत. मग मैदा, थोडं बेसन, वेलची. गोळा डब्यात घालून भाऊ सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि मी मागून धावायची. बेकरीत सगळ्या वाड्यांच्या बायका आणि पोरं जमलेली असत. काळे पडलेले पत्र्याचे ट्रे वाटले जात, त्यावर आपापल्या नानकटाया आपणच वळून मांडायच्या, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायची, आणि भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती आपली दिवाळी सोपवायची. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं तो ट्रे आत सारायचा. कोणता ट्रे किती आत, कोणता कधी बाहेर, हे त्याचं त्याला ठाऊक. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. आपला ट्रे दुसऱ्याच्या घरी जाईल ही धास्ती मात्र सगळ्यांना असायची, आणि दर वर्षी कुणाचा तरी जायचाच. भट्टीत आच चारी बाजूंनी असते. विटांचा घुमट तासन् तास तापून बसलेला असतो आणि तो वरून, खालून, कुशीतून सारखी ऊब सोडत राहतो. त्या नानकटाईला वर सोनेरी भेगा पडायच्या.

मग आमच्याकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. ज्यांच्या घरी तो होता त्यांना तो लगेच आठवेल : झाकणाला मधोमध काचेची वाटोळी खिडकी, तळाशी पांढऱ्या चिनीमातीची बशी आणि तिच्या नागमोडी खाचेत बसवलेली कॉइल. आत केक फुगतोय की बसतोय हे खिडकीतून बघायला आम्ही भावंडं भांडायचो. ती कॉइल अधूनमधून तुटायची. मग बाबा प्लग काढून, झाकण बाजूला ठेवून, तुटलेली दोन टोकं पक्कडीनं ओढून एकमेकांना पीळ द्यायचे. ओव्हन पुन्हा लाल व्हायचा, आधीपेक्षा जरा जास्तच. तो जास्त का तापतो हे मला कॉलेजात कळलं. तुटका तुकडा वजा झाला की तार आखूड होते, आखूड तारेचा विरोध कमी, विरोध कमी म्हणून प्रवाह जास्त. आणि जिथं पीळ दिला तिथं सांधा कच्चा राहतो, जळतो, पुन्हा तिथंच तुटतो. होस्टेलवर हीटरची शेगडी लपवून चहा करणाऱ्या प्रत्येक पिढीला हे ज्ञान परंपरेनं मिळत आलं आहे. कॉइल दर दुरुस्तीत थोडी आखूड, थोडी रागीट होत जाते, आणि एक दिवस जोडण्यापुरतीही उरत नाही.

त्या तारेचं मला तेव्हापासून कुतूहल आहे. लोखंडाची तार हवेत लाल होईपर्यंत तापवली तर थोड्याच वेळात तिची पपडी सुटते. तांब्याचंही तेच. विजेवर ऊब मिळवायची तर तासन् तास लाल राहूनही जळून न जाणारी आणि परवडणारी तार हवी, आणि ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कुणाकडे नव्हती. अमेरिकेत अल्बर्ट मार्श नावाच्या धातुतज्ज्ञानं निकेलमध्ये क्रोमियम मिसळून ती केली. १९०६ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि पुढच्या काही वर्षांत टोस्टर, इस्त्री, शेगडी, ओव्हन अशी विजेवरची भांडीकुंडी खऱ्या अर्थानं घरात टिकू लागली. साधारण ऐंशी भाग निकेल आणि वीस भाग क्रोमियम असं ते प्रमाण. या तारेची खुबी अशी की पहिल्या तापातच तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ साय धरते, आणि ती साय पुढच्या हवेला आत येऊ देत नाही. म्हणजे थोडी जळते म्हणूनच ती टिकते. माणसांतही अशी काही असतात. पण ते असो.

आमच्या सासरचा ओव्हन गोल नाही, चौकोनी आहे. सासूबाईंनी तो नोकरीत असताना, स्वतःच्या बोनसमधून घेतला होता, आणि त्याची पावती त्यांनी लग्नाच्या अल्बमात जपून ठेवली आहे. मागचा पत्रा काढला तेव्हा मी दचकले, ते आत काहीच नव्हतं म्हणून. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल घरात एवढा दरारा, त्याच्या पोटात दोन रॉड, एक थर्मोस्टॅट, एक किल्लीचं टायमर, एक वर-खालीचा स्विच आणि चार तारा. तारांवर चिनीमातीचे पांढरे मणी ओवलेले होते. प्लॅस्टिकचं आवरण इथल्या उष्णतेत वितळून जाईल म्हणून ही जुनी सोय. आईच्या तुटलेल्या पोतीतले मणी जसे ताटलीत काढून पुन्हा ओवायचे असत, तसेच ते मी वाटीत काढून ठेवले. एका कोपऱ्यात वाळलेला पाली-झुरळांचा ऐवज, आणि एक लवंग. ती लवंग मागच्या बाजूला कशी गेली याचा खुलासा घरात कुणालाच करता आला नाही.

या रॉडच्या आतही तीच मार्शची तार असते, फक्त आता ती दिसत नाही. स्टीलच्या नळीत मधोमध कॉइल आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. पावसाळ्यात मात्र ती हवेतली ओल पिऊन बसते, आणि चार महिने न वापरलेला ओव्हन ऑगस्टात लावला की पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात. घरोघरी याला ‘ओव्हन करंट मारतो’ म्हणतात आणि त्याला कपाटाच्या माथ्यावर हद्दपार करतात. पुष्कळदा त्याला फक्त वाळवण्याची गरज असते, आणि अर्थिंगच्या पिनेत खरोखरच अर्थिंग असण्याची.

मल्टिमीटर लावला. सहाशे वॉटचा रॉड दोनशेतीस व्होल्टवर चालायचा तर त्याचा विरोध अठ्ठ्याऐंशी ओहमच्या आसपास हवा. खालचा रॉड तेवढा दाखवत होता. वरचा रॉड काहीच दाखवत नव्हता. त्याच्या टोकाला तार धरणारं थिंबल जळून काळं झालेलं, आणि आतली तार मधेच तुटलेली. ती कालपरवा तुटली नव्हती. थिंबलवरची काजळी जुनी होती, गंज तिच्याही वरचा होता. वरचा रॉड मेल्याला किती वर्षं झाली असतील कुणास ठाऊक. तो आतल्या छताच्या पत्र्याआड दडलेला असल्यामुळे लाल होतो की नाही हे वाकून बघावं लागतं, आणि गरम ओव्हनमध्ये डोकं घालून कोण बघतं?

सीताबर्डीला इलेक्ट्रिक सामानाच्या ज्या गल्ल्या आहेत तिथं जुना रॉड पिशवीत घालून घेऊन गेले. मोठ्या दुकानांत पिशवीतली वस्तू बघूनच माना हलतात. ‘‘मॅडम, हे मॉडेल बंद झालं. नवीन घेऊन घ्या न, एक्स्चेंज लावून देतो.’’ शेवटी एका बोळात, जिथं गीझरचे, इस्त्रीचे, सँडविच टोस्टरचे रॉड खुंट्यांना लटकत असतात, तिथल्या काकांनी तो हातात घेतला. मॉडेल विचारलं नाही. रॉडवर बोटाची वीत मोजली, दोन टोकांमधलं अंतर मोजलं, आणि आत जाऊन एक घेऊन आले. ‘‘लांबी बसून जाईन, काकू. वाकवाचं मात्र हळू. अन् सोल्डर नका मारू बरं.’’

हे सोल्डरचं मला फार आवडलं. कथील आणि शिशाचं नेहमीचं सोल्डर साधारण १८३ अंशांना पातळ होतं, आणि नानकटाईला लागतात १८०. रेडिओत, टीव्हीत जो सांधा जन्मभर टिकतो तो ओव्हनमध्ये दिवाळीच्या पहिल्या ट्रेलाच टपकून पडेल. म्हणून इथं सगळे सांधे आवळून करायचे : नट, बोल्ट, वायसर, पक्कडीनं चेपलेलं थिंबल. ओव्हनच्या आत चिकटवलेलं काही चालत नाही, फक्त घट्ट धरलेलं चालतं.

पत्र्याचे रिव्हेट काढून बोल्ट घालत बसले असताना मला आजी आठवत होती. काटोलकडच्या आमच्या गावी तिची मातीची चूल होती, बाजूला वैल. रोज सकाळी राख काढली की ती चुलीला पांढऱ्या मातीचं पोतेरं द्यायची. कुठं तडा गेला असेल तर मातीत भुसा आणि शेण कालवून बोटानं आत दाबायची. लाकडं आडमाप आली आणि चुलीचं तोंड फाकलं की ते आवळायची, नवं मोठं भांडं आलं की थानं खरडून बसकं करायची, वारा फिरला आणि धूर घरात येऊ लागला की एका अंगाला थोडी भिंत चढवायची. ती चूल दर वर्षी निराळी दिसायची आणि तरी तीच असायची. या सगळ्याला कुणी दुरुस्ती म्हटलं नाही. भांडी घासावीत, दळण निवडावं, तसंच हे एक. स्वयंपाक करणाऱ्या हातांनाच आच कुठं कमी पडते ते कळतं, म्हणून चुलीचं काम त्याच हातांकडे असायचं. विजेचा ओव्हन आला तो बंद पत्र्यात, वर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी लावून. रांधणाऱ्या बाईचा आणि आचेचा जो मातीच्या बोटांनी संबंध होता तो तिथं तुटला, आणि तुटला हेही आमच्या लक्षात आलं नाही.

त्याच चुलीवर सणावाराला मडकं पालथं घालून लांब पोळ्या व्हायच्या. नागपूरकडच्या माणसाला लांब पोळी म्हटलं की पुढं सांगावं लागत नाही. पाण्यात तिंबून तिंबून सैल, तारेसारखी सुटणारी कणीक, ती कोपरापर्यंत हातांवर झेलत झेलत पातळ करायची आणि एका फटक्यात तापल्या मडक्याच्या पाठीवर टाकायची. मडकं आधी पुरतं तापलं का, हे आजी पाण्याचा शिंतोडा मारून ऐकायची. बघायची नाही, ऐकायची. पाणी बसून सुरसुरलं तर अजून वेळ आहे. टण्णकन उडालं तर झालं. आणि मडक्याला बारीक तडा दिसला तर ते टाकून न देता तडा वाऱ्याच्या उलट अंगाला फिरवायची. शेतात रोडगे व्हायचे ते तर गोवऱ्यांच्या आरातच. तिथं भांडंही नाही, वरून-खालून-आजूबाजूनं फक्त धग. वांग्याची भाजी तयार होईपर्यंत काळे गोळे राखेतून बाहेर यायचे, आणि फडक्यात झटकून फोडले की आतून वाफ. आमच्या भागाला ओव्हन नवा नव्हताच. बटण तेवढं नवं होतं.

बटणावर आकडे असतात आणि आकड्यांवर आपला विश्वास बसतो. थर्मोस्टॅटच्या आत दोन धातूंची एक जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. मग पट्टी वाकते आणि संपर्क सुटतो. टक्. थंड झाली की सरळ होते. पुन्हा टक्. अशा पट्ट्यांमध्ये जवळजवळ न पसरणारी बाजू बहुधा इन्व्हारची असते. घड्याळांच्या देशातल्या, स्वित्झर्लंडच्या शार्ल गियोमनं १८९६ मध्ये शोधलेला हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू, ज्यासाठी त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्याच्या कामानं घड्याळं थंडी-उन्हात वेळ चुकेनाशी झाली, त्याचाच एक वारस आपल्या ओव्हनमध्ये वाकत बसलेला असतो. पण वर्षानुवर्षं वाकून वाकून ती पट्टी थकते, आणि मग ती सांगते ते अंश आणि आतले अंश यांचा मेळ राहत नाही.

यंत्रानं सांगितलेल्या अंशांचं काय होतं ते या शहराला वेगळं सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश नोंदवले आणि ती बातमी देशभर गेली. मग हवामान खात्यानं खुलासा केला : सेन्सर बिघडला होता. दरम्यान इथली माणसं रोजच्यासारखीच, तोंडाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून कामावर जात होती. २०१३ च्या मे महिन्यात खरोखर ४७.९ अंश झाले होते तेव्हाही जात होती. ५६ हा आकडा ऐकून आमच्या दूधवाल्याचं म्हणणं एवढंच पडलं की, ‘‘असन बी. पण कालच्याहून तर कमीच लागून राह्यलं.’’ त्याच्या कातडीवर मी त्या केंद्राहून जास्त विश्वास ठेवीन.

ओव्हनचं खोटं पकडायची एक घरगुती युक्ती आहे. साखर १८६ अंशांच्या जवळपास वितळते. स्टीलच्या वाटीत चमचाभर साखर घालायची, बटण १७५ वर ठेवून पाव तास वाट बघायची : साखर कोरडी राहायला हवी. मग १९५ वर : आता ती कडेनं पाणावायला हवी. आमच्याकडे १७५ लाच तिचा पाक झाला. म्हणजे बटण दीडशे-पावणेदोनशे म्हणायचं तेव्हा आत त्याहून बरंच जास्त होतं. बटणाच्या पोकळ दांड्यात एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवायचा, पुन्हा साखर, पुन्हा वाटी. अख्खी दुपार स्वयंपाकघरात जळक्या साखरेचा वास, अंगणात खसाचा. नवरा कूलरमधून डोकं बाहेर काढून म्हणाला, ‘‘काही गोड करून राह्यली का?’’

दोन्ही रॉड लाल झाले, बटण खरं बोलू लागलं. आणि मग मी सासूबाईंची वही उघडली.

ती वही म्हणजे आमच्या घरातलं भाजण्याचं शास्त्र. निळ्या शाईत, बारीक अक्षरात, तेलाच्या डागांसकट. ‘नानकटाई : ओव्हन पाऊण तास आधी लावून ठेवावा.’ ‘बटण दीडशेच्या जरा अलीकडे.’ ‘ट्रे सर्वांत वरच्या खणात. वर रंग येत नाही, वाट बघू नये, खालून बदामी दिसली की काढावी.’ ‘केक अर्ध्यात फिरवावा.’ इतकी वर्षं मी या सूचना मंत्रासारख्या पाळल्या. आता त्या वाचताना प्रत्येक ओळीमागचा बिघाड दिसू लागला. पाऊण तास आधी, कारण एकच रॉड सगळी पेटी तापवत होता. दीडशेच्या अलीकडे, कारण बटण खोटं बोलत होतं. वरच्या खणात, कारण आच फक्त खालून यायची आणि तिच्यापासून दूर पळायचं होतं. सासूबाईंनी ओव्हनचं एक नटही सैल केलं नव्हतं. पण त्याचा प्रत्येक दोष त्यांनी आकड्यांत धरून वहीत मांडला होता. चुलीची भिंत हलवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी पाककृतीची भिंत हलवली. पोतेरं त्यांनीही दिलं होतं, फक्त कागदावर.

दिवाळीला नानकटाई नव्या आचेवर भाजली. वर सोन्याचा रंग, सुरेख भेगा, अगदी महालातल्या बेकरीसारखी. मला माझं बालपण परत मिळाल्याचा आनंद झाला. नणंदेनं एक उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, खाल्ली, आणि जरा वेळानं म्हणाली, ‘‘वहिनी, छान झाली गं. पण ही आपली नाही.’’

तिची ‘आपली’ म्हणजे वरून पांढरीफटक, हाताला पिठूळ, तळाला मात्र बदामी आणि किंचित करपट चवीची. तिच्या लहानपणीच्या सगळ्या दिवाळ्या एका मेलेल्या रॉडच्या आहेत. मुलंही तिच्या बाजूची निघाली. ‘‘घरची पांढरी असते,’’ असं धाकटीनं जाहीर केलं, ‘‘ही विकतची आहे.’’ सासूबाईंना विचारलं, आई, वरचा रॉड कधी गेला असेल हो? त्या बराच वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘वरूनही तापायचा का तो?’’

तेव्हापासून दुरुस्ती या गोष्टीचा माझ्या मनात जरा घोळ झाला आहे. बिघडलेली वस्तू मूळ स्थितीला आणायची, इतकं ते सरळ आहे असं मी धरून चालले होते. पण आमच्या ओव्हनची मूळ स्थिती कोणती? दुकानातून आला तेव्हाची, जी घरात कुणाला आठवत नाही? की ज्या स्थितीत त्यानं एका घराची जीभ घडवली, ती? आजीच्या चुलीला हा प्रश्न पडला नसता. तिला मूळ नव्हतंच, फक्त कालची होती आणि आजची होती.

भाच्यानं नवा ओव्हन घेतलाय. काचेचं सपाट तोंड, बोट टेकवलं की आकडे उमटतात, आतला प्रत्येक अंश म्हणे स्वतःला तपासत असतो. मागं एकही स्क्रू दिसला नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली होती, ती बातमी मी त्याला सांगितली. तो हसून म्हणाला, ‘‘मामी, हक्क मिळाला तरी मी कशाला उघडू? बिघडला तर बदलून देतात न.’’ त्याचं खरं आहे. त्याच्या ओव्हनला सवयी लागायच्या आत तो बदललेला असेल, आणि त्याच्या पाककृती कुठल्याही घरात, कुठल्याही ओव्हनमध्ये सारख्याच उतरतील. त्यात वाईट काय, असं मी स्वतःला विचारते, आणि दर वेळी उत्तर निराळं येतं.

आमच्या ओव्हनला वर-खालीचा स्विच आहे, हे मी आधी सांगितलंच. तो ‘खाली’वर ठेवला की वरचा रॉड बंद राहतो. म्हणजे जुना दोष आता हवा तेव्हा बोलावता येतो. येत्या दिवाळीला नणंदेचा ट्रे खालच्या आचेवर, पाऊण तास आधी लावून, सर्वांत वरच्या खणात. माझा दोन्ही आचांवर. धाकटी दोन्ही खाऊन बघणार आहे. मुद्दाम केलेला बिघाड आपसूक झालेल्या बिघाडाइतकाच चविष्ट लागतो का, हे तिला कळेल असं नाही. मलाही कळेल असं नाही. पण खालच्या रॉडचं थिंबल काळं पडायला लागलंय, ते आधी बदलावं लागेल, आणि सीताबर्डीच्या त्या काकांना विचारायचं आहे की नवा रॉड घेताना पुढच्या तीस वर्षांत तो कोणत्या बाजूनं बिघडेल याचा काही अंदाज देता येतो का.